हप्ते, व्याज आणि घरखर्च : वाचकांचे प्रश्न

घरखर्च कमी करून कर्ज कसं फेडायचं, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. नावं काढून टाकली आहेत, आणि पत्रं लांब होती म्हणून ती थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझे यजमान सातपूरला कारखान्यात आहेत, हातात ४४ हजार येतात. माझ्या शिकवण्यांचे ६ हजार. क्रेडिट कार्डाचे ८० हजार थकलेत (महिन्याला साडेतीन टक्के), त्याचे किमान भरायचे साधारण ४ हजार भरतो. पर्सनल लोनचे १ लाख ६० हजार बाकी आहेत, १४ टक्के दराने ७,६८० रुपयांचे २४ हप्ते राहिलेत. कामगारांच्या पतसंस्थेचं १ लाख २० हजारांचं कर्ज १२ टक्क्यांनी आहे, ५ हजार हप्ता. शिवाय माझ्या भावाकडून ५० हजार हातउसने घेतलेत. सहा महिने बाहेरचं खाणं, कपडे, फिरणं सगळं बंद आहे. महिन्याला ५ हजार तरी वाचत असतील, पण कर्ज तिथल्या तिथेच. अडीअडचणीला ६० हजारांची एफडी आहे, तिला हात लावलेला नाही. आमचं काय चुकतंय? (नाशिक)

उत्तर : काटकसर चोख आहे, पण वाचलेला पैसा कर्जापर्यंत पोचतच नाही. कार्डाचं स्टेटमेंट समोर घ्या. ८० हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे २,८०० रुपये व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, तो ५०४ रुपये. झाले ३,३०४. तुम्ही भरता ४ हजार, म्हणजे मुद्दल कमी होतं जेमतेम ७०० रुपयांनी. आणि ‘किमान रक्कम’ ही शिल्लकेच्या पाच टक्के अशी मोजली जात असेल, तर शिल्लक घटेल तशी तीही घटते. या दराने, कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता, कर्ज निम्मं व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागतात.

आता एफडी. तिच्यातले १५ हजार दवाखान्यासाठी म्हणून बचत खात्यात ठेवा आणि उरलेले ४५ हजार मोडून आजच कार्डावर भरा. मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापेल, कापू द्या. ७ टक्के दराने या ४५ हजारांवर तुम्हाला वर्षाला ३,१५० रुपये मिळतात. त्याच ४५ हजारांच्या थकबाकीवर कार्डवाले जीएसटीसकट महिन्याला १,८५८ रुपये घेतात. वर्षभर एफडी सांभाळून जे मिळतं, ते दोन महिन्यांत कार्डावर जातं. घरातली मोठी माणसं एफडी मोडायला नाराज असतात. त्यांना हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवा.

कार्डावर उरले ३५ हजार. नेहमीचे ४ हजार आणि वाचणारे ५ हजार असे ९ हजार दरमहा भरले, तर पाचव्या महिन्यात सुमारे ३ हजार भरून कार्ड शून्यावर येतं. मात्र तीन गोष्टी पाळल्या तरच.

कार्ड आजपासून वापरायचं नाही, पेट्रोललासुद्धा नाही. थकबाकी असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ही गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, आणि ‘किराणा कार्डावर घेऊ, नंतर भरू’ म्हणणारे तिथेच अडकतात.

९ हजार पगाराच्या दुसऱ्या दिवशी भरायचे, शेवटच्या तारखेची वाट बघायची नाही. कार्डाचं व्याज दिवसावर मोजलं जातं. शिवाय खात्यात पडून राहिलेला पैसा महिन्याच्या वीस तारखेपर्यंत टिकत नाही. तुमचे सहा महिन्यांचे तीस हजार असेच गेलेत. पासबुक काढून बघा : शाळेची फी, गाडीचा विमा, कुणाचं तरी बारसं.

तिसरी गोष्ट, कार्डाच्या बँकेला फोन करून उरलेली रक्कम हप्त्यांत बदलून देतात का आणि किती टक्क्यांनी, ते विचारा. १५ ते १८ टक्क्यांत मिळालं तर घ्या, पण आधी प्रक्रिया शुल्क आणि लवकर फेडीचा दंड विचारून घ्या. पाच महिन्यांचाच प्रश्न असेल आणि शुल्क हजाराच्या वर जात असेल, तर आहे तसंच भरून मोकळं व्हा.

कार्ड संपल्यावर ९ हजार कुठे वळवायचे? दर बघता १४ टक्क्यांचं पर्सनल लोन आधी, असं कुणीही म्हणेल. पण ठरावीक दराच्या पर्सनल लोनला मुदतपूर्व फेडीचं शुल्क असू शकतं. मंजुरीपत्रात बघा. तोवर तुमचे १९ हप्ते उरलेले असतील, त्यांतलं एकूण व्याज १५,७०० च्या आसपास. बाकी साधारण १ लाख ३० हजार. त्यावर चार टक्के शुल्क आणि जीएसटी धरला, तर ६ हजारांहून जास्त जातात, आणि ते १ लाख ३० हजार एकदम तुमच्याकडे असणारही नाहीत. मग जादा पैसे पतसंस्थेत भरलेले बरे. तिथे बहुधा दंड नसतो, तरी सचिवांना विचारून घ्या, आणि भरताना पावतीवर ‘मुद्दलात जमा’ असं लिहून मागा. नाहीतर ती रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ भरणा म्हणून धरली जाते आणि व्याज काही कमी होत नाही. जामीनदार दोघे यजमानांच्याच कारखान्यातले असणार. पतसंस्थेचं कर्ज थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि तो जामीनदारांनाही लागू होतो, हे ध्यानात असू द्या.

भावाच्या पैशांना व्याज नाही म्हणून ते सगळ्यात शेवटी, असं हिशोबाची वही सांगते. तरी महिन्याला हजार रुपये त्याला पाठवत जा. ठरल्या तारखेला हजार येत राहिले की माणूस तगादा लावत नाही.

आणि शेवटचं, ज्यावर हे सगळं उभं आहे : वर्षातून एकदा येणारे खर्च. जूनमधली फी, वह्या, गणवेश, घरपट्टी, दुचाकीचा विमा, आयुर्विम्याचा हप्ता, दिवाळी, गावच्या जत्रेला जाणं-येणं. यांची यादी करा आणि बेरजेला बाराने भागा. ४८ हजार होत असतील तर महिन्याला ४ हजार वेगळ्या आवर्ती ठेवीत गेलेच पाहिजेत. दर खेपेला जून आणि आश्विनात कार्ड पुन्हा बाहेर निघतं ते हे चार हजार बाजूला न पडल्यामुळे. या ४ हजारांसाठी ५ हजारांतले काही वापरावे लागले, तर वापरा. कार्ड पाचऐवजी सात-आठ महिन्यांत फिटेल, पण त्यावर पुन्हा थकबाकी चढणार नाही.

प्रश्न : चौघांच्या घरात किराणा ९ हजारांवर जातो, त्यात ५ लिटर तेल. सासूबाईंना मधुमेह आहे, मुलगा नववीत. कुणाच्या ताटातलं न काढता खर्च कसा कमी करायचा? वीज आणि गॅसबद्दलही सांगा. (चिंचवड)

उत्तर : दूध, डाळ, अंडी, भाजी यांना हात लावू नका. नववीतला मुलगा आणि मधुमेही आजी, दोघांच्या ताटातलं हेच खरं अन्न आहे. तेलापासून सुरुवात करा. दिवसाला माणशी २५ ग्रॅम धरलं तर चौघांना महिन्याला ३ किलो, म्हणजे सव्वातीन लिटरच्या आसपास पुरतं. तुमच्याकडे पाच जातं. महिन्याच्या सुरुवातीला चार बाटल्या भरा, आठवड्याला एक. बाटली गुरुवारीच संपली की तळण कुठल्या दिवशी झालं ते कळतं. विकत घेताना पिशवीचा आकार बघू नका, त्यावरचे ग्रॅम वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण दिसायला तशाच पिशव्या ८००, ७५० ग्रॅमच्याही असतात. एमआरपीजवळ बारीक अक्षरांत दर किलोचा किंवा दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो, तुलना त्याचीच करा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतंच असं नाही, विशेषतः चहापूड आणि साबणाच्या बाबतीत.

वर्षाचे गहू आणि तूरडाळ मार्च ते मेमध्ये घेतली तर स्वस्त पडते, हे खरं. पण हातात रोख असेल तरच. कार्डावर बेगमी करून दहा टक्के वाचवायचे आणि चाळीस टक्के व्याज भरायचं, हा व्यवहार झाला नाही. तांदूळ आणि डाळीला एरंडेलाचा हात लावला, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला, की साठवण टिकते. मात्र गहू कडक उन्हात वाळवून पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम असताना भरले तर आत वाफ धरते आणि किडे होतात.

सासूबाईंच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्या, बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. डॉक्टरांकडून घटकाचं नाव आणि मात्रा चिठ्ठीवर लिहून आणा. ‘मेटफॉर्मिन ५००’ आणि ‘मेटफॉर्मिन ५०० एसआर’ या एक नव्हेत, दुसरी हळूहळू विरघळते. साधीच्या जागी हळू विरघळणारी किंवा तिच्या जागी साधी, असा बदल स्वतःच्या मनाने करू नका.

गॅसचं थोडक्यात : डाळ अर्धा-पाऊण तास भिजवा, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा, भात-डाळ-बटाटे एकाच कुकरात डब्यांत लावा. ज्योत पिवळी आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील तर बर्नरची भोकं तुंबली आहेत. टाचणीने साफ करून साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवून मगच बसवा. सिलिंडर लावल्याची तारीख त्यावर खडूने लिहा, म्हणजे फरक पडला की नाही ते कळेल.

वीज. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. बैठकीतला, दिवसाला १५ तास चालणारा पंखा बदलला तर महिन्याला २० युनिट वाचतात. युनिट तुम्हाला १० रुपयांना पडत असेल तर २०० रुपये. २,८०० चा पंखा १४ महिन्यांत वसूल होतो, म्हणजे ही गुंतवणूक कार्डाच्या व्याजालाही भारी पडते. हीच गोष्ट आठ तास चालणाऱ्या शयनगृहातल्या पंख्याला लागू नाही, तो आत्ता राहू द्या. आणि युनिटचा भाव बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून काढू नका. तुमची शेवटची युनिटं कुठल्या टप्प्यात आहेत (१०० पर्यंत, १०१ ते ३००, की वर) ते बघा, कारण वाचतात ती वरच्या टप्प्यातली.

चार मोबाईलांचे २८ दिवसांचे रिचार्ज वर्षातून बारा नाही, तेरा वेळा करावे लागतात. आजींचा फोन घरातल्या वायफायवर असेल तर त्यांना सर्वांत साधा पॅक पुरतो. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून बघा, विसरलेली दोन-तीन वर्गण्या तरी तिथे सापडतात. तिथूनच रद्द करा. फोनवरून नुसतं ॲप काढून टाकल्याने पैसे कापणं थांबत नाही.

प्रश्न : चार एकर शेती आहे. गावातल्या एकाकडे ३ तोळे ठेवून १ लाख २० हजार घेतले, शेकडा ३ रुपयांनी. १४ महिने ३,६०० देतोय, मुद्दल आहे तेवढंच. दागिने विकून टाकावेत का? (लातूर जिल्हा)

उत्तर : शेकडा ३ म्हणजे वर्षाला ३६ टक्के. आजवर ५०,४०० रुपये गेले. विकायची घाई करू नका, आधी ते सोनं तिथून सोडवा.

सावकाराकडे परवाना आहे का, हे विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा आहे. त्याखाली परवानाधारकाने शेतकऱ्याकडून तारण कर्जाला वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी कर्जाला १२ टक्के घ्यायचे असतात. बिगरशेतकऱ्यांना हेच दर १५ आणि १८ आहेत. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. परवाना नसेल तर तो व्यवहारच बेकायदा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करायची. पुरावा लागतो. म्हणून या महिन्यापासून व्याज रोख देऊ नका, यूपीआयने द्या, आणि दागिन्यांचं वजन व वर्णन व्हॉट्सॲपवर त्याच्याकडून लिहून घेता आलं तर घ्या.

तक्रार न करता सुटायचं असेल तर राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेत सोनेतारणाची चौकशी करा. अडचण एवढीच, की बँकेला सोनं हातात लागतं आणि ते तर तिकडे अडकलंय. एक-दोन दिवसांसाठी नात्यातून १ लाख २० हजार उभे करावे लागतील. सावकाराकडे जाताना दोन साक्षीदार न्या. पैसे खात्यावर पाठवा, दागिने तिथल्या तिथे मोजून घ्या आणि ‘येणे बाकी काही नाही’ असं लिहून सही घ्या. कोऱ्या धनादेशावर किंवा मुद्रांकावर सही दिली असेल तर तेही परत मागा. हे विसरलं की दोन वर्षांनी तो कागद पुढे येतो.

बँकेचा दर १० टक्के धरा. तेच ३,६०० दरमहा भरत राहिलात तर साधारण ३९ महिन्यांत कर्ज संपतं. पण सोनेतारणात बऱ्याचदा वर्षाच्या शेवटी एकदम मुद्दल-व्याज भरायची योजना देतात. तिथे माणूस वर्षभर काहीच भरत नाही आणि शेवटी सगळं एकदम अंगावर येतं. हप्त्यांची योजना मागा. मिळाली नाही तर त्याच खात्यात दरमहा जमा करता येतं का, ते विचारा.

विकायचीच वेळ आली तर खडे-मीनाकारीचा दागिना सोडून साधं वळं किंवा पाटली विका. खड्यांचं वजन सराफ वजा करतो आणि मजुरी तर कुठेच परत मिळत नाही.

प्रश्न : गृहकर्ज २५ लाखांचं, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता २१,६९६. खर्च कमी करून महिन्याला २ हजार जास्त भरू शकतो. उपयोग होईल? (ठाणे)

उत्तर : दुसरं कुठलंही महाग कर्ज नसेल तर होईल. सुरुवातीपासून २ हजार जास्त भरले तर कर्ज वीस नव्हे, साधारण सव्वासोळा वर्षांत संपतं आणि व्याजात पावणेसहा ते सहा लाख वाचतात. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचं शुल्क घेता येत नाही. जादा रक्कम भरताना ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी’ असा अर्ज द्या. तसं सांगितलं नाही तर काही बँका हप्ता कमी करतात, आणि तो फरक घरखर्चात विरघळतो.

प्रश्न : दिवाळीनंतर भाच्याचं लग्न आहे. मामा म्हणून आहेर, कपडे, जाणं-येणं मिळून ४० हजार होतील. कर्ज तर आहेच. नाही म्हणता येत नाही. (कराड)

उत्तर : नाही म्हणायची गरज नाही, आत्ता बोलायची आहे. बहिणीला आजच फोन करा आणि आकडा सांगा : ‘माझ्याच्याने १५ हजार होतील, त्यात काय हवं ते तूच सांग.’ सहा महिने आधी सांगितलेलं कुणालाही लागत नाही. मांडवात गेल्यावर कमी पडलेलं मात्र वर्षानुवर्षं निघतं. मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोपी दोन्ही बाजूंनी बंद करायचा प्रस्ताव तुम्हीच मांडा. बहुतेक घरांत तो कुणीतरी मांडायचीच वाट बघत असतात, कारण त्या साड्या कपाटातून कपाटात फिरतात.

प्रश्न : कार्डाचे हप्ते थकले म्हणून वसुलीवाले रात्री नऊलाही फोन करतात. ‘निम्म्यात सेटलमेंट करा’ म्हणतात. करावी का? (सोलापूर)

उत्तर : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना कर्जाबद्दल सांगणंही त्यात बसत नाही. फोनची नोंद ठेवा आणि आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते.

पगार चालू असेल आणि सावकाश का होईना पूर्ण रक्कम फिटणार असेल तर सेटलमेंट नको. क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत, ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ अशी नोंद पडते आणि पुढचं कर्ज मागताना ती आडवी येते. नोकरी गेली आहे, दुसरा मार्ग नाही, अशी स्थिती असेल तर करा, पण बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पैसे बँकेच्या कर्जखात्यावरच भरा, फोनवर बोलणाऱ्याने दिलेल्या यूपीआय क्रमांकावर नाही.

कुठलंही कर्ज फिटलं की ‘ना देय’ दाखला आणि तारण म्हणून दिलेले धनादेश परत घ्या. गाडीचं कर्ज असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन नोंदणीपुस्तकावरची बँकेची नोंद काढून घ्या. घराचं असेल तर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. दोनेक महिन्यांनी क्रेडिट अहवाल काढून बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. खातं अजून चालू दिसत असेल तर दाखल्याची प्रत जोडून दुरुस्ती मागा. त्यात ३० दिवसांपेक्षा जास्त गेले तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.